गाडीतला वूफर आणि ओहमचे गणित

भारी ॲम्प्लिफायर, भारी सबवूफर आणि तरीही आवाज फाटका, नाहीतर पहिल्याच सहलीत सगळे ठप्प! अशा वेळी दोष बहुधा वस्तूंचा नसतो, त्यांच्या जोडणीचा असतो. खरेदीपूर्वी थोडा वेळ काढून हे साधे गणित समजून घेतले तर हजारो रुपये आणि मनस्ताप, दोन्ही वाचतात.

घरात गाडी आली की तिच्यामागून हौस येतेच. कुणाला सीट कव्हर हवे असते, कुणाला डॅशबोर्डवर गणपती हवा असतो, आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलांना हवा असतो डिकीत घुमणारा सबवूफर. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो, दिल्लीचे करोल बाग असो की बंगळूरचा जे. सी. रोड, दुकानात शिरले की प्रश्न एकच विचारला जातो, ''किती वॅटचा आहे?'' उत्तर जितके मोठे, तितका गिऱ्हाईक खूश.

खरे तर विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच असतो : ''किती ओहमचा आहे, आणि या ॲम्प्लिफायरला तो चालेल का?'' हा प्रश्न न विचारल्यामुळे चांगला ॲम्प्लिफायर जळतो, किंवा पाचशे वॅटचे पैसे मोजून तीनशे वॅटचाच आवाज मिळतो. शिवाय वायरिंग चुकीचे असेल तर ज्या गाडीत लहान मुले आणि आजीआजोबा बसतात, तिच्यातच आगीचा धोका निर्माण होतो. म्हणून ही केवळ हौशी तरुणांची बाब नाही. पैसे देणाऱ्याने आणि गाडी चालवणाऱ्यानेही ती समजून घ्यायला हवी.

ओहम म्हणजे काय?

तारेतून वीज वाहताना तिला जी अडवणूक होते ती ओहममध्ये मोजतात. हे नाव जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग सिमॉन ओहम याच्यावरून आले. त्याने १८२७ साली आपला प्रसिद्ध नियम प्रसिद्ध केला. व्होल्टेज तेवढेच ठेवून अडवणूक निम्मी केली की वीजप्रवाह दुप्पट होतो, हे त्या नियमाचे सार. शाळेत पाठ केलेला हाच नियम गाडीच्या डिकीत पुन्हा भेटतो.

घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांपुढे आणावी. टाकीची उंची तीच असली तरी बारीक नळातून पाणी कमी येते आणि जाड नळातून धो धो येते. ओहम जास्त म्हणजे नळ बारीक. ओहम कमी म्हणजे नळ जाड. म्हणजेच स्पीकरचा ओहमचा आकडा जितका लहान, तितका ॲम्प्लिफायरवरचा ओढा मोठा. आकडा लहान दिसला की भार हलका असेल असे वाटते, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. प्रत्यक्षात ते अगदी उलट असते.

आकड्यांत पाहू. ॲम्प्लिफायर २० व्होल्ट देत असेल तर ४ ओहमच्या स्पीकरमधून ५ अँपिअर प्रवाह जाईल आणि १०० वॅट शक्ती मिळेल. स्पीकर २ ओहमचा असेल तर १० अँपिअर आणि २०० वॅट. १ ओहमचा असेल तर २० अँपिअर आणि ४०० वॅट. आवाज वाढवण्याचा हा फुकटचा मार्ग वाटतो खरा, पण एवढा प्रवाह पेलण्याची ताकद ॲम्प्लिफायरच्या ट्रान्झिस्टरमध्ये आणि त्याला वीज पुरवणाऱ्या भागात असावी लागते. ती नसेल तर ॲम्प्लिफायर तापतो. त्याचा 'प्रोटेक्ट'चा दिवा लागून तो बंद पडतो, आणि संरक्षणाची सोय कच्ची असेल तर जळतो.

म्हणूनच प्रत्येक ॲम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात तो कमीत कमी किती ओहमवर चालवावा हे दिलेले असते. तो आकडा म्हणजे लक्ष्मणरेषा समजावी. त्यापेक्षा जास्त ओहम चालतील. आवाज थोडा कमी मिळेल इतकेच. कमी ओहम मात्र कधीही चालणार नाहीत.

स्पीकरची अडवणूक सगळ्या सुरांना सारखी नसते, हेही जाता जाता सांगायला हवे. सूर बदलला की ती कमीजास्त होते. त्यामुळे तिला नुसता 'रोध' न म्हणता 'इम्पीडन्स' म्हणतात, आणि डब्यावर लिहिलेले '४ ओहम' हा एक ठरावीक, व्यवहारापुरता आकडा असतो. घरच्या म्युझिक सिस्टिमचे स्पीकर बहुधा ८ किंवा ६ ओहमचे असतात, तर गाडीचे बहुधा ४ ओहमचे. गाडीची बॅटरी १२ व्होल्टचीच असल्याने कमी व्होल्टेजमध्ये जास्त शक्ती मिळवायची तर ओहम कमी ठेवावे लागतात.

माळ आणि घरातले दिवे

दोन किंवा अधिक स्पीकर जोडायचे दोन मार्ग आहेत. पहिला 'सिरीज', म्हणजे एकामागून एक. दिवाळीच्या जुन्या पद्धतीच्या दिव्यांच्या माळेत एक दिवा गेला की सगळी माळ विझते, कारण वीज एका दिव्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी जाते. हीच सिरीज जोडणी. यात प्रत्येकाच्या अडवणुकीची बेरीज होते. ४ ओहमचे दोन स्पीकर सिरीजमध्ये जोडले तर ८ ओहम होतात.

दुसरा मार्ग 'पॅरलल'. घरातले दिवे आणि पंखे असे जोडलेले असतात. स्वयंपाकघरातला दिवा गेला तरी बैठकीतला चालूच राहतो. विजेला एकाऐवजी दोन वाटा मिळाल्या की एकूण अडवणूक कमी होते. सारख्या ओहमचे दोन स्पीकर पॅरललमध्ये जोडले की ओहम निम्मे होतात. ४ चे २ होतात, चार स्पीकर असतील तर ४ चा १ होतो.

प्रत्यक्ष तारा अशा जोडतात. सिरीजमध्ये ॲम्प्लिफायरच्या प्लसची तार पहिल्या स्पीकरच्या प्लसला, पहिल्याच्या मायनसची तार दुसऱ्याच्या प्लसला, आणि दुसऱ्याच्या मायनसची तार ॲम्प्लिफायरच्या मायनसला. पॅरललमध्ये सगळे प्लस एकत्र आणि सगळे मायनस एकत्र.

एका वूफरमध्ये दोन कॉइल

आज बाजारात मिळणाऱ्या अनेक सबवूफरमध्ये एकाऐवजी दोन कॉइल असतात. त्यांना 'ड्युअल व्हॉइस कॉइल' म्हणतात. अशा वूफरला दोनऐवजी चार टर्मिनल असतात. त्यामुळे आवाज दुप्पट होत नाही. फायदा असा, की एकच वूफर दोन वेगवेगळ्या ओहमवर चालवता येतो. गोंधळ होतो तोही इथेच. 'ड्युअल ४ ओहम' याचा अर्थ तो वूफर ४ ओहमचा आहे असा नाही. त्यात प्रत्येकी ४ ओहमच्या दोन कॉइल आहेत, असा आहे.

कोणत्या जोडणीत किती ओहम होतात, हे पुढे दिले आहे. हे टिपण कापून खिशात ठेवले तरी चालेल.

• ड्युअल २ ओहमचा एक वूफर : सिरीजमध्ये ४ ओहम, पॅरललमध्ये १ ओहम.

• ड्युअल ४ ओहमचा एक वूफर : सिरीजमध्ये ८ ओहम, पॅरललमध्ये २ ओहम.

• एकेरी कॉइलचे ४ ओहमचे दोन वूफर : सिरीजमध्ये ८ ओहम, पॅरललमध्ये २ ओहम.

• ड्युअल २ ओहमचे दोन वूफर : प्रत्येकाच्या कॉइल सिरीजमध्ये आणि मग दोन्ही वूफर पॅरललमध्ये घेतले तर २ ओहम. सगळेच पॅरललमध्ये घेतले तर अर्धा ओहम, जो बहुतेक ॲम्प्लिफायरना झेपत नाही.

• ड्युअल ४ ओहमचे दोन वूफर : सगळे पॅरललमध्ये १ ओहम. प्रत्येकाच्या कॉइल सिरीजमध्ये आणि वूफर पॅरललमध्ये घेतले तर ४ ओहम.

दोन वूफर घ्यायचे तर ते एकाच मॉडेलचे, सारख्याच ओहमचे घ्यावेत. वेगवेगळे वूफर एकत्र जोडले तर शक्तीची वाटणी असमान होते. एकावर अतिरेकी ताण येतो आणि दुसरा नुसता साथीला बसून राहतो. तसेच दोन कॉइलपैकी एकच जोडून दुसरी मोकळी ठेवण्याचा शहाणपणाही करू नये. त्या वूफरची शक्ती पेलण्याची क्षमता मग जवळजवळ निम्मी होते.

खरेदीचे गणित

समजा, दुकानात आवडलेल्या एका चॅनेलच्या ॲम्प्लिफायरवर लिहिले आहे : ४ ओहमवर ३०० वॅट, २ ओहमवर ५०० वॅट, किमान २ ओहम. याच्यासोबत ५०० वॅटचा एक वूफर घ्यायचा आहे. दुकानात तो वूफर ड्युअल २ आणि ड्युअल ४, अशा दोन्ही प्रकारांत आहे. किंमत सारखी, दिसायलाही सारखा. मग कोणता घ्यावा?

ड्युअल २ घेतला तर दोनच पर्याय उरतात. सिरीजमध्ये ४ ओहम होतील आणि ३०० वॅटच मिळतील, म्हणजे २०० वॅटचे पैसे पाण्यात. पॅरललमध्ये १ ओहम होईल आणि ॲम्प्लिफायर धोक्यात येईल. ड्युअल ४ घेतला तर पॅरललमध्ये नेमके २ ओहम होतात आणि पूर्ण ५०० वॅट मिळतात. उत्तर स्पष्ट आहे. आणि समजा, दोन वूफर बसवायचे असतील तर उत्तर बदलते. मग प्रत्येकी २५० वॅटचे ड्युअल २ चे दोन वूफर घ्यावेत. त्यांचे एकत्र २ ओहम होतात आणि ५०० वॅट दोघांत सारखे वाटले जातात.

म्हणून आधी ॲम्प्लिफायरचे माहितीपत्रक वाचावे, वूफर एक हवा की दोन हे ठरवावे, आणि मगच कॉइलचा प्रकार निवडावा. बहुतेक घरांत हे उलट्या क्रमाने होते. सेलमध्ये वूफर स्वस्तात मिळतो म्हणून आधी तो येतो, आणि मग त्याच्यासाठी ॲम्प्लिफायर शोधत फिरावे लागते.

दोन किंवा चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर असेल तर दुकानदार ''ब्रिज करून देतो,'' असे सांगतो. ब्रिज करणे म्हणजे दोन चॅनेलची ताकद एकत्र करून एका वूफरला देणे. यात काही गैर नाही, पण एक मेख आहे. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनेलला वूफरच्या निम्माच ओहम जाणवतो. ४ ओहमचा वूफर जोडला तरी प्रत्येक चॅनेलवर २ ओहमचा भार पडतो. त्यामुळे जो ॲम्प्लिफायर एका चॅनेलला किमान २ ओहम चालवतो, तो ब्रिज केल्यावर किमान ४ ओहमवरच चालवावा. त्याला २ ओहमचा वूफर जोडणे म्हणजे बैलगाडीवर ट्रकचा माल लादणे होय.

वॅटच्या आकड्यांना भुलू नका

नव्वदच्या दशकातले टू-इन-वन आठवत असतील तर त्यांच्यावर छापलेले 'पीएमपीओ'चे प्रचंड आकडेही आठवतील. त्या आकड्यांचा प्रत्यक्ष आवाजाशी फारसा संबंध नसे. आज त्याची जागा 'मॅक्स पॉवर' आणि 'पीक पॉवर' यांनी घेतली आहे. खरा आकडा 'आरएमएस'चा. ॲम्प्लिफायर सतत किती शक्ती देऊ शकतो आणि वूफर सतत किती पेलू शकतो, हे तो सांगतो. तुलना नेहमी आरएमएसची आरएमएसशीच करावी, आणि तीही त्याच ओहमवर. काही ॲम्प्लिफायरवर 'सीईए-२००६' किंवा 'सीटीए-२००६' असा उल्लेख असतो. त्याचा अर्थ, वॅटचे आकडे १४.४ व्होल्ट पुरवठ्यावर आणि १ टक्क्यापेक्षा जास्त विकृती न होऊ देता, एका ठरावीक पद्धतीने मोजलेले आहेत.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शक्ती दुप्पट केली म्हणून आवाज दुप्पट वाटत नाही. ३०० वॅटचे ६०० वॅट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि हा फरक कानाला बेताचाच जाणवतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला शक्ती साधारण दहापट लागते. तेव्हा ४ वरून २ ओहमवर आणि २ वरून १ ओहमवर उतरण्याचा अट्टहास करून ॲम्प्लिफायरचा जीव टांगणीला लावण्यात फारसा अर्थ नाही. वूफरला त्याच्या मापाची नीट, घट्ट पेटी करून घेतली तर त्याने जास्त फरक पडतो.

तारा, फ्यूज आणि बॅटरी

ओहम कमी झाले की ॲम्प्लिफायर वूफरला जास्त शक्ती देतो, आणि ती सगळी शेवटी बॅटरी व अल्टरनेटर यांच्याकडूनच येते. ५०० वॅट देणारा 'क्लास डी' ॲम्प्लिफायर साधारण ८० टक्के कार्यक्षम धरला तर पूर्ण आवाजात तो बॅटरीकडून सुमारे ४५ अँपिअर खेचतो. जुन्या 'क्लास एबी' पद्धतीचा असेल तर ६० अँपिअरच्या घरात. तुलनेसाठी, ५५ वॅटचे दोन हॅलोजन हेडलाइट मिळून ९ ते १० अँपिअर घेतात. गाण्यात ठेका येतो-जातो, त्यामुळे हा ओढा सतत नसतो. तरीही इंजिन बंद ठेवून तास-दोन तास गाणी ऐकली तर छोट्या गाडीची बॅटरी उतरते आणि सकाळी गाडी ढकलण्याची पाळी येते.

एवढा प्रवाह बारीक तारेतून नेला तर तार तापते. म्हणून बॅटरीपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची तार माहितीपत्रकात सांगितलेल्या जाडीची आणि शक्यतो शुद्ध तांब्याची असावी. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या स्वस्त तारा सर्रास मिळतात. ॲल्युमिनियममधून वीज तांब्याइतकी सहज वाहत नाही. त्याची वाहकता तांब्याच्या सुमारे ६० टक्केच असते. तीच घ्यायची झाली तर एक-दोन माप जाड घ्यावी.

फ्यूजबाबत मात्र तडजोड अजिबात नको. बॅटरीपासून फार तर ४५ सेंटिमीटरवर, तारेच्या क्षमतेइतकाच फ्यूज बसवलेला असावा. हा फ्यूज ॲम्प्लिफायरसाठी नसतो, तारेसाठी असतो. अपघातात किंवा पत्र्याच्या कडेने तारेचे आवरण कापले गेले आणि ती गाडीच्या अंगाला चिकटली, तर फ्यूज उडून वीज तोडतो. फ्यूज नसेल तर तार लालबुंद होऊन पेट घेऊ शकते. इंजिनाच्या भागातून तार आत घेताना भोकात रबरी बूच आहे ना, हे स्वतः पाहावे. उडालेल्या फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा लावून देणाऱ्या फिटरकडे पुन्हा पाऊल टाकू नये.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर तिच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून असा जादा भार घ्यायचा की नाही, हे कंपनीच्या अधिकृत केंद्रात विचारल्याशिवाय काहीही करू नये.

चालू करण्यापूर्वी तपासणी

जोडणी झाली की ॲम्प्लिफायर सुरू करण्यापूर्वी साध्या मल्टिमीटरने ओहम मोजून पाहावेत. वूफरकडे जाणाऱ्या दोन तारा ॲम्प्लिफायरपासून सोडवून त्यांच्या टोकांवर मीटर लावायचा. मीटरवरचा आकडा डब्यावरच्या आकड्यापेक्षा थोडा कमी येतो, आणि ते स्वाभाविक आहे. ४ ओहमच्या जागी साधारण ३.२ ते ३.८ येतील, २ ओहमच्या जागी १.६ ते १.९. आकडा शून्याजवळ आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. काहीच दाखवत नसेल तर जोडणी तुटलेली आहे.

प्लस-मायनसची खात्री दीड व्होल्टच्या साध्या सेलने होते. सेल क्षणभर लावल्यावर वूफरचा पडदा बाहेर यायला हवा. दोन वूफर असतील आणि एक बाहेर, एक आत जात असेल, तर एकाच्या तारा उलट आहेत. अशा वेळी दोघे एकमेकांचा ठेका मारतात आणि सगळे नवे असूनही आवाज पोकळ येतो. एकाच वूफरच्या दोन कॉइल एकमेकींविरुद्ध जोडल्या गेल्या तर पडदा हलतच नाही आणि कॉइल नुसती तापत राहते.

शेवटी 'गेन'. ॲम्प्लिफायरवरची ही कळ म्हणजे आवाजाची कळ नव्हे. स्टिरिओकडून येणारा सिग्नल आणि ॲम्प्लिफायर यांचा मेळ घालण्यासाठी ती असते. ती पूर्ण फिरवली की लहरींचे शेंडे छाटले जातात, आवाज फाटतो आणि कॉइल जळते. योग्य जागा शोधायला सूत्र आहे : वॅट गुणिले ओहम, आणि त्याचे वर्गमूळ. ५०० वॅट आणि २ ओहम असतील तर १००० चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३१.६ व्होल्ट. वूफर सोडवून ठेवावा, बेस बूस्ट बंद ठेवावा, स्टिरिओचा आवाज पाऊणपर्यंत न्यावा, ५० हर्ट्झचा एकसुरी ध्वनी लावावा आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवून तेवढे व्होल्ट येईपर्यंत गेन वाढवावा. वूफरची क्षमता ॲम्प्लिफायरपेक्षा कमी असेल तर गणितात वूफरचे वॅट धरावेत.

कान आणि कायदा

गणित बरोबर आले म्हणून आवाज कितीही ठेवावा असे नाही. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त ऐकू नये, आणि दर ३ डेसिबल वाढीला ही वेळ निम्मी करावी, अशी अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस आहे. या हिशेबाने १०० डेसिबलला उरतात अवघी १५ मिनिटे. डिकीजवळ, म्हणजे मागच्या सीटवर, बहुधा मुलेच बसतात हे विसरू नये.

रस्त्यावरचा आवाज ही खासगी बाब राहत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. शिवाय गाडीत ठेका एवढा असू नये की मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगाच ऐकू येणार नाही.

आणखी दोन व्यवहाराच्या गोष्टी. कंपनीच्या तारा कापून जोडणी केली तर गाडीच्या विजेच्या भागांची वॉरंटी अडचणीत येऊ शकते. म्हणून तारा न कापता जोडणारे कपलर वापरायला सांगावे. आणि नंतर बसवलेल्या वस्तूंची नोंद विमा पॉलिसीत करून घ्यावी. ती नसेल तर चोरी किंवा नुकसान झाल्यास त्यांची भरपाई मागता येत नाही.

दुकानात जाताना एका चिठ्ठीवर चारच गोष्टी लिहून न्याव्यात : ॲम्प्लिफायरचे किमान ओहम, त्या ओहमवरचे आरएमएस वॅट, वूफर किती आणि प्रत्येकाच्या कॉइल किती ओहमच्या. या चार आकड्यांचा मेळ बसत असेल तरच पाकिटाला हात घालावा. जो दुकानदार ही चिठ्ठी पाहून कागदावर जोडणीची आकृती काढून दाखवतो, त्याच्याकडे दोन पैसे जास्त गेले तरी हरकत नाही. आणि जो ''साहेब, ओहम-बिहम सोडा, आवाज बघा,'' म्हणतो, त्याला नमस्कार करून पुढचे दुकान गाठावे.